डाउनलोड झालंय म्हणतंय, पण गेलं कुठं?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. मधला ट्रॅक्टरचा आवाज आणि माझं अडखळणं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग गावाकडून, म्हणजे पिंपरी पेंढारवरून रेकॉर्ड करतोय. रेंजसाठी घरामागच्या चढावर येऊन बसलोय आणि अंधार पडायच्या आत उरकायचंय, कारण इकडे बिबट्याची पाळी असते. तर थेट मुद्द्यावर येतो.

मागच्या महिन्यात मी हिंजवडीत मीटिंगमध्ये असताना नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. सोसायटीत पीककर्जाची कागदपत्रं द्यायची होती. नानांनी कुणाची मदत न घेता स्वतःच्या फोनवरून डिजिटल सहीचा सातबारा काढला होता. मला कौतुकच वाटलं. पण पुढे म्हणाले, "अरे, डाउनलोड कम्प्लीट म्हणतंय. मग फाइल कुठंय? तीनदा काढला." एका उताऱ्याचे १५ रुपये. म्हणजे ४५ रुपये गेले आणि हातात कागद नाही.

मी म्हणालो, "नाना, गेलं कुठंच नाही, फोनमध्येच आहे." त्यावर ते म्हणाले, "ते मलाही कळतंय. फोनमध्ये कुठं?"

आता मी बीटेक. रोजचं कामच सॉफ्टवेअरचं. तरी फोनवर बोलून वडिलांना त्यांचीच फाइल सापडवून द्यायला मला वीस मिनिटं लागली. तेव्हा ठरवलं, यावर एक भाग करायचा. कारण आपण 'डाउनलोड' हा एकच शब्द वापरतो, पण विंडोजवर, मॅकवर, अँड्रॉइडवर आणि आयफोनवर त्या शब्दाचा अर्थ वेगवेगळा आहे. आणि नानांच्या बाबतीत ही गोष्ट सातबाऱ्यावर थांबली नाही. त्याकडे शेवटी येतो.

आधी हे बघू की आपण बटण दाबतो तेव्हा होतं काय.

ब्राउझर सर्व्हरकडे फाइल मागतो. सर्व्हर फाइल पाठवायच्या आधी एक चिठ्ठी पाठवतो. आमच्या भाषेत तिला हेडर म्हणतात. त्यात लिहिलेलं असतं की येतंय ते काय आहे, पीडीएफ आहे, फोटो आहे की आणखी काही. आणि बरेचदा एक ओळ असते, कंटेंट-डिस्पोझिशन नावाची. त्या ओळीत 'इनलाइन' लिहिलं असेल तर फाइल तिथेच दाखव. 'अटॅचमेंट' लिहिलं असेल तर दाखवू नको, जपून ठेव. फाइलचं नावही त्याच ओळीत येतं.

म्हणजे फाइल उघडणार की साठवली जाणार, हे तुम्ही कुठे बोट ठेवलं त्यापेक्षा त्या चिठ्ठीवर आणि ती वाचणाऱ्या ब्राउझरवर ठरतं. कॉम्प्युटरवरच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये पीडीएफ वाचायची सोय आतच आहे. फायरफॉक्समध्ये ती २०१३ पासून आहे. त्यामुळे तिथे पीडीएफ टॅबमध्ये दिसते. अँड्रॉइडवरच्या क्रोमनं मात्र वर्षानुवर्षं पीडीएफ दिसली की सरळ डाउनलोडच केली. आतल्या आत दाखवायची सोय तिथे फार उशिरा आली. आणि आयफोनवरची सफारी बरोबर उलटं करते. पीडीएफ पानावर छान दाखवते, पण साठवत नाही. तुम्ही शेअरच्या बटणात जाऊन 'सेव्ह टू फाइल्स' केलं तरच ती तुमची. माझ्या मामेबहिणीनं परीक्षेचं हॉलतिकीट असंच 'डाउनलोड' केलं होतं, म्हणजे नुसतं बघितलं होतं. परीक्षेच्या सकाळी टॅब उघडला, रेंज नाही, पान कोरं. दिसणं आणि साठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला त्या दिवशी कळलं.

एक तिसरा प्रकारही आहे. एखाद्या अ‍ॅपमध्ये लिंक दाबली की कधीकधी त्या अ‍ॅपच्या पोटातच छोटा ब्राउझर उघडतो. तो पूर्ण ब्राउझर नसतो. पानं दाखवतो, पण डाउनलोडचं काय करायचं ते अ‍ॅप बनवणाऱ्यानं वेगळं लिहावं लागतं. त्यानं लिहिलंच नसेल तर तुम्ही बटण दाबत बसा, काहीच होत नाही. अशा वेळी कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून लिंक क्रोममध्ये उघडायची.

आता नानांचा प्रश्न. फोनमध्ये कुठं?

अँड्रॉइडवर ब्राउझरनं आणलेली फाइल 'डाउनलोड' नावाच्या फोल्डरमध्ये जाते. फाइल्स अ‍ॅप उघडा, तिथे डाउनलोड्स दाबा, सगळ्यात वर सगळ्यात नवी फाइल. इतकं सोपं आहे. मग घोळ कुठे होतो? घोळ व्हॉट्सअ‍ॅपमुळे होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं डॉक्युमेंट त्या फोल्डरमध्ये जात नाही. अँड्रॉइडनं १० आणि ११ या आवृत्त्यांमध्ये, म्हणजे २०१९-२० च्या सुमारास, स्टोरेजचे नियम कडक केले. कोणत्याही अ‍ॅपनं कुठल्याही फोल्डरमध्ये हात घालायचा नाही, ज्यानं त्यानं आपल्या खोलीत राहायचं. तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपची खोली 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचा फोल्डर, अशी आत आत गेली. नियम चांगलाच आहे, तुमचे फोटो कुठल्याही टॉर्चच्या अ‍ॅपला वाचता येऊ नयेत म्हणून केलाय. पण नानांसारख्या माणसासाठी घरात आणखी चार कुलुपं वाढली.

नानांच्या फोनमध्ये तिन्ही सातबारे डाउनलोडमध्ये शेजारी शेजारी बसले होते. नाव तेच, पुढे कंसात एक, कंसात दोन. एकाच नावाच्या दोन फाइल्स एका फोल्डरमध्ये राहू शकत नाहीत, आणि जुनी पुसायची हिंमत ब्राउझर करत नाही. म्हणून तो कंसात आकडा टाकतो. क्रोम कंसाच्या आधी एक जागा सोडतो, फायरफॉक्स सोडत नाही. मला उगाच अशा गोष्टी माहीत असतात. पण कामाची गोष्ट ही की सगळ्यात मोठा आकडा म्हणजे सगळ्यात नवी प्रत असं धरून चालू नका. मधली एखादी पुसली असेल तर तो आकडा पुन्हा वापरला जातो. तारीख बघा.

आणि नावाची गंमत बघा. सातबारा आपण लिहितो ७/१२. पण फाइलच्या नावात तिरकी रेघ चालतच नाही! लिनक्स आणि अँड्रॉइडमध्ये ती रेघ म्हणजे 'फोल्डरच्या आतला फोल्डर' अशी खूण आहे. विंडोजमध्ये तर एकूण नऊ चिन्हं बंद आहेत. तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, विसर्गासारखी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह, चांदणी वगैरे. म्हणून सर्व्हरनं नावात ७/१२ पाठवलं तरी ब्राउझर मधली रेघ काढून तिथे खालची आडवी रेघ टाकतो. मॅकवर फाइंडरमध्ये मात्र तुम्ही खुशाल ७/१२ असं नाव द्या, ते तसंच दिसेल. आतून तो तिरक्या रेघेच्या जागी दोन टिंबं ठेवतो आणि आपल्याला रेघ दाखवतो. जमिनीच्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदाचं नाव बहुतेक सगळ्या कॉम्प्युटरना लिहिता येत नाही, याची मला मजा वाटते.

मराठी नावांचं आणखी एक. कधी फाइल उतरवली की नावाच्या जागी पर्सेंटची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ही फाइल बिघडलेली नसते. हेडरची चिठ्ठी मूळ इंग्रजी अक्षरांसाठी बनली. देवनागरी पाठवायची तर प्रत्येक अक्षराचे तीन बाइट करून, प्रत्येकापुढे पर्सेंट लावून पाठवावे लागतात. वाचणाऱ्यानं ते परत जोडले नाहीत तर तो कचरा तसाच दिसतो. त्यात 'ई-शून्य, ए-चार' किंवा 'ई-शून्य, ए-पाच' हे पुन्हा पुन्हा दिसलं की समजायचं, मूळ नाव देवनागरीत होतं. नाव बदला, फाइल उघडेल.

या तीन बाइटांचा दुसरा फटका लांबीला बसतो. अँड्रॉइडवर एका नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा. इंग्रजीत २५५ अक्षरं, पण देवनागरीत भागिले तीन, म्हणजे ८५. आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. विंडोजवर अक्षरं मोजतात, बाइट नाही, त्यामुळे तिथे देवनागरीची २५५ बसतात. आपल्याकडे परिपत्रकाचं अख्खं शीर्षकच फाइलला नाव म्हणून द्यायची सवय आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित असलेलं नाव फोनवर आलं की शेपूट कापलेलं दिसतं, ते यामुळे. त्या मानानं राज्य सरकारच्या जीआरच्या फाइल्सना आकड्यांची लांबलचक नावं असतात, ते बरं. पहिले आठ आकडे वाचा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

अर्धवट उतरलेल्या फाइलबद्दल थोडक्यात. फाइल पूर्ण येईपर्यंत ब्राउझर तिला खरं नाव देत नाही. क्रोम शेवटी 'सीआरडाउनलोड' लावतो, फायरफॉक्स 'पार्ट'. पूर्ण झाली की नाव बदलतो. म्हणून तसली फाइल नाव बदलून उघडायचा प्रयत्न करू नका, आत अर्धाच कागद आहे. रेंज गेली आणि परत आली तर 'इथपर्यंत आलंय, उरलेलं दे' असं ब्राउझर सर्व्हरला म्हणू शकतो. पण सर्व्हरला ते जमत असेल तरच. आणि लॉगिन करून काढलेल्या कागदाचं लॉगिन तोवर संपलं असेल तर पहिल्यापासून.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नाव आणि जागा ठरली. त्यानंतर ब्राउझर आणखी एक काम करतो, जे आपल्याला दिसत नाही. तो फाइलला चिठ्ठी चिकटवतो: 'ही बाहेरून आलीय'.

ओतूरच्या बाजारात कांदा नेला की वक्कल कुणाचं ते चिठ्ठीवर असतं. कांद्यात काही खराब निघालं तर कुणाला विचारायचं ते कळतं. तसंच हे. विंडोजवर या चिठ्ठीला 'मार्क ऑफ द वेब' म्हणतात. २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून ती फाइलसोबत लपवून ठेवली जाते. त्यात झोनचा आकडा असतो, तीन म्हणजे इंटरनेट. बरेचदा कोणत्या पत्त्यावरून आली तेही असतं. त्या चिठ्ठीमुळेच वर्ड तुम्हाला पिवळी पट्टी दाखवून 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये फाइल उघडतो, आणि अनोळखी प्रोग्रॅम चालवायला गेलं की निळा पडदा आडवा येतो. एक्सेलमधले मॅक्रो घेऊन व्हायरस यायचे, तर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं ही चिठ्ठी असलेल्या फाइलचे मॅक्रो मुळातच बंद केले. मॅकवर हीच गोष्ट 'क्वारंटाइन' नावानं २००७ पासून आहे. 'हे अ‍ॅप इंटरनेटवरून उतरवलंय, नक्की उघडायचं?' हा प्रश्न तिथूनच येतो. लिनक्सची पद्धत निराळी आहे. तिथे उतरवलेल्या फाइलला चालायची परवानगीच नसते. तुम्ही स्वतः ती दिली तर ती प्रोग्रॅम म्हणून चालते.

पण कांद्याची गोणी बदलली की चिठ्ठी जुन्या गोणीबरोबर जाते. इथेही तेच होतं. विंडोजची चिठ्ठी एनटीएफएस या डिस्कच्या प्रकारातच टिकते. आपले पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ किंवा एक्सफॅट. फाइल पेनड्राइव्हवर टाकली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर घेतली, की चिठ्ठी गळाली. दुसऱ्या कॉम्प्युटरला वाटतं, ही घरचीच फाइल. एकही प्रश्न न विचारता उघडतो. त्यातून विंडोज ओळखीच्या फाइलचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावामागचं शेपूट, मुळातच लपवतो. त्यामुळे 'उतारा.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाइल तुम्हाला 'उतारा.पीडीएफ' इतकीच दिसते. ते लपवणं सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद करा. मी तर ऑफिसात नवीन लॅपटॉप मिळाला की पहिलं काम ते करतो.

गावागावात हे पेनड्राइव्ह कुठे फिरतात, ते तुम्हाला माहितीय. झेरॉक्सच्या दुकानात. आणि तिथल्या कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर कधी बघितलंय? अख्ख्या पंचक्रोशीचे सातबारे, आधार, बँकेची पासबुकं. दुकानदार वाईट असतो असं अजिबात नाही, त्याला पुसायला वेळ नसतो. पण ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नाव फाइल्समध्ये आहे, साल दुसऱ्या कागदावर आहे. मग कुलूप कसलं? तिथे प्रिंट काढली की निघायच्या आधी फाइल पुसून घ्या, रिसायकल बिनमधूनही. ब्राउझरची हिस्टरी पुसली म्हणजे फाइल पुसली जात नाही. इन्कॉग्निटो विंडोतून उतरवली तरी फाइल मागे राहतेच. सातबाऱ्याच्या डिजिटल प्रतीवर १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. त्यामुळे खरा-खोटा कागद सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. पण तुमचा कागद किती जणांच्या कॉम्प्युटरमध्ये पडलाय, हे त्यावरून कळत नाही.

आता फोन. तुम्हा ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे कॉम्प्युटर नाहीच, फोनच आहे. तर फोनवर ही चिठ्ठी कुठे असते?

आयफोनवर प्रश्नच जवळजवळ संपवून टाकलाय. आपल्याकडे अ‍ॅप घ्यायचं तर अ‍ॅप स्टोअरमधूनच, उतरवलेली फाइल म्हणजे नुसता कागद. अँड्रॉइडवर मात्र एपीके नावाची फाइल उतरवून थेट अ‍ॅप बसवता येतं. मला स्वतःला हे स्वातंत्र्य आवडतं, मी त्यावरच शिकलो. क्रोममधून एपीके उतरवली तर तो 'ही फाइल घातक असू शकते' असं विचारतो. पण तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर मध्ये ब्राउझरच नाही. मग उरतो एकच दरवाजा. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, प्रत्येक अ‍ॅपला 'अनोळखी अ‍ॅप बसवायची परवानगी' वेगळी द्यावी लागते. एपीके दाबली की फोन म्हणतो, सुरक्षेसाठी या ठिकाणाहून अ‍ॅप बसवता येत नाही. खाली सेटिंगचं बटण. तिथे जाऊन एक खटका चालू केला की दरवाजा उघडा. नंतर प्ले प्रोटेक्ट तपासतं, पण रोज नव्या बनणाऱ्या फाइल्स सगळ्या त्याला सापडतील याची खात्री नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या बातम्या आल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचं आमंत्रण आलं, पत्रिका समजून फाइल उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार गेले. ती पत्रिका नव्हती, एपीके होती. अशी अ‍ॅप्स मेसेज वाचायची परवानगी मागतात, बँकेचा ओटीपी त्यांच्याकडे जातो. पत्रिकेसारखेच आरटीओच्या चलनाचे आणि पीएम किसानचे अवतारही फिरतात.

आणि आता नाना. सातबाऱ्याच्या त्या वीस मिनिटांत मी त्यांना काय शिकवलं होतं? फाइल्समध्ये जा, नवी फाइल शोध, दाबून उघड, काही विचारलं तर ओके म्हण. हो, हे मीच म्हणालो होतो. घाईत होतो.

दहा-बारा दिवसांनी त्यांना एका ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. दाबली. फोन म्हणाला, परवानगी नाही, सेटिंगमध्ये जा. नाना सेटिंगपर्यंत गेले. खटक्याजवळ थांबले आणि मला फोन केला, "अरे, सातबाऱ्याला हे विचारलं नव्हतं. पत्रिकेला का विचारतंय?"

मंडळी, कॉलेजच्या चार वर्षांत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही. पीडीएफ किंवा फोटो उघडायला फोन कधीच 'अ‍ॅप बसवायची परवानगी' मागत नाही. तो प्रश्न आला याचा अर्थ ती फाइल कागद नाहीच, प्रोग्रॅम आहे. बाकी सगळं विसरा, फाइलचा आयकॉन आणि नाव काहीही असू दे. तो पडदा दिसला की मागे फिरा.

आणि कुणी खटका दाबून बसलाच असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. जितकं लवकर, तितके पैसे अडवले जायची शक्यता जास्त. मग ते अ‍ॅप काढायच्या मागे लागा. कधी ते अ‍ॅपच्या यादीत आयकॉनशिवाय लपलेलं असतं, सेटिंगमधल्या पूर्ण यादीत शोधावं लागतं.

नानांनी फाइल पुसली. मग ज्यांच्या नंबरवरून आली त्यांना साधा फोन लावला, "काय हो, लग्न कुणाचं?" पलीकडून उत्तर आलं, "सकाळपासून तुम्ही सतरावे. आमच्याकडे लग्न नाही हो कुणाचं."